एका माणसाचं एकच काम

तीन महिन्यांनी शिवून आलेल्या ब्लाउजची एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब निघाली, तेव्हा रामटेके सिस्टरांनी टेलरला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला आणि वर म्हणाल्या, "वा रे गजानन, कापड मात्र माह्यंच आणलं बरं तू."

मी समोरच्या खोलीत दहावीचे पेपर तपासत होते. हातातला लाल पेन खाली ठेवला आणि टेलर फाटकाबाहेर जाईपर्यंत कशीबशी दम धरून बसले.

"सिस्टर, तुम्हाला राग कसा येत नाही हो?"

"काहून येईल? दुसऱ्याचं कापड तं नाही न देल्लं त्यानं."

"पण बाही?"

"बाही त्याचं काम नोहोय, मॅडम. गजाननचं काम कापड सांभाळणं. त्याच्या आधीच्या टेलरनं माहा अख्खा पीस हरवला होता. हा हरवत नाही. थेवढंच त्याच्याकडून धरायचं." एवढं बोलून त्यांनी सुईदोरा घेतला, लांब बाही आतून दुमडून चार टाके घातले आणि संध्याकाळी तोच ब्लाउज घालून एका साखरपुड्याला गेल्या. तिथे दोघींना गजाननचा पत्तासुद्धा सांगून आल्या.

सुमन रामटेके या माझ्या घरमालकीण. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्सबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक मुलगा नागपूरला. सानगडी गावातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहते. मी मूळची अकोल्याची, इथल्या शाळेत गणित शिकवते, आणि आमच्या आईच्या शब्दांत सांगायचं तर नाकावर माशी बसू देत नाही. दहाला येतो म्हणणारा माणूस दहा वाजून पाच मिनिटांनी आला तर माझं डोकं चढतं. आता विचार करा, अशा बाईला नवऱ्यापासून लांब, बदलीच्या गावी, रामटेके सिस्टरांसारखी घरमालकीण मिळाली. पहिले सहा महिने मला वाटायचं, या बाईच्या डोक्याचा एखादा स्क्रू सैल आहे. हळूहळू कळलं की स्क्रू माझेच जरा जास्त आवळलेले आहेत.

सिस्टरांचा नियम साधा आहे. एका माणसाचं एकच काम. गावातल्या प्रत्येकाचं त्यांनी नर्सच्या नजरेने निदान करून ठेवलेलं आहे. माणूस नवा असला तर त्या महिना-दोन महिने नुसत्या पाहतात. काही म्हणत नाहीत. मग एके दिवशी जेवताना जाहीर करतात की अमक्याचं काम हे. त्यानंतर त्या माणसाकडून त्या एका गोष्टीशिवाय काहीही मागत नाहीत, आणि ती गोष्ट मिळाली की लॉटरी लागल्यासारख्या खूश होतात.

आमचा दूधवाला सुखदेव. त्याच्या दुधात पाणी असतं हे त्याच्या म्हशीलाही माहीत आहे. मी दर आठवड्याला त्याच्याशी भांडायची. सिस्टर म्हणायच्या, "सुखदेव दूध कुठी आणते, मॅडम? थो सकाळ आणते. पाणी असो, वादळ असो, साडेपाचले दारात उभा. एकट्या बाईच्या दारात रोज सकाळी कोणी तरी हाक मारते, हे काय कमी हाये का? दुधासाठी पावडर ठेवा न घरी."

नळ दुरुस्त करणारा धनराज. आज येतो म्हणाला की चौथ्या दिवशी येतो, आणि आल्यावर अर्धा तास नळाकडे पाहत गावातल्या बातम्या सांगतो. सिस्टरांनी गळक्या नळाला चिंधी बांधून ठेवली आहे आणि धनराजकडून फक्त बातम्या घेतात. "पेपर लावला तं पैसे पडते. हा फुकट हाये, आणि बातमी गावातलीच." नळ दुरुस्त झाला तर त्यांना कसंसंच वाटतं, मग धनराज महिनाभर येत नाही.

साकोलीचा भाचा दर वेळी फोनवर "मावशी, येत्या रविवारी नक्की" म्हणतो आणि दर रविवारी त्याला काहीतरी आडवं येतं. सिस्टरांच्या मते त्याचं काम येणं हे नाहीच. "त्याचं काम गोड खोटं बोलणं. किती जीव लावून कारणं शोधते पहा. मागच्या रविवारी तं सासऱ्याच्या बैलाले विंचू चावला म्हणला. एवढी मेहनत कोण करते आजकाल?"

घरात एक मांजरही आहे. उंदीर तिच्या अंगावरून गेला तरी ती डोळा उघडत नाही. मी एकदा तिला हाकलून देऊ म्हटलं. सिस्टर मला म्हणाल्या, "उंदीर धरीन म्हणून तिनं लिहून देल्लं होतं का?" हा त्यांचा दुसरा मंत्र. कोणी कोणाबद्दल कुरकुर करायला आलं की त्या शांतपणे विचारतात, लिहून दिलं होतं का? माणूस जरा विचार करतो आणि म्हणतो, नाही. मग चहा येतो.

शेवटी पाळी माझ्या नवऱ्यावर आली. हे नागपूरला नोकरी करतात आणि शनिवारी इकडे येतात. आठवडाभर फोन करायचं त्यांच्या लक्षात राहत नाही, भाजी आणली तर कोथिंबीर विसरतात, वाढदिवस तर सोडूनच द्या. एका शनिवारी आमचं चांगलं कडाक्याचं वाजलं. सोमवारी ते गेल्यावर सिस्टर माझ्या खोलीत आल्या. दोन महिने त्या पाहत होत्याच.

"मॅडम, साहेबाचं काम सापडलं मले."

"काय?"

"भांडण अर्धं असताना झोपत नाही थे. रात्रभर बसले पायरीवर, पण झोपले नाही. आमचे हे तं पहिल्याच वाक्याले घोरत. एवढं धरा त्यांच्याकडून. बाकीचं म्हणजे दिवाळीचा बोनस."

मी हसले. पण खरं सांगते, पुढच्या शनिवारी हे कोथिंबीर न घेता आले आणि मला राग आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी ते स्वतःहून घेऊन आले. डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी चालू होती, ती अर्धी झाली. सिस्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अपेक्षा म्हणजे ताप हाये, मॅडम. आपल्या अंगात ताप असला का दुसऱ्याचा चांगला हातही थंडगार लागते. मग आपून म्हणतो, याच्यात मायाच नाही."

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की बाई जन्मापासूनच संत असेल. मलाही तसंच वाटत होतं. एकदा सुखदेवची बायको दुधाची बरणी घ्यायला आली, तिच्याजवळ मी सिस्टरांचं कौतुक केलं तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"शांत? सिस्टर? अवो मॅडम, माह्या मोठ्या पोट्ट्याचा डोस द्यायले दोन दिवस उशीर झाला होता. मले दवाखान्याच्या दारात उभं करून अशी झापली, अशी झापली का मी नवऱ्याच्या मारानं रडली नाही तेवढी रडली. सारं गाव भेत होतं यायले. सायकलची घंटी वाजली का पोरं पलंगाखाली." मग आवाज खाली करून म्हणाली, "अजूनही साऱ्या पोट्ट्यायच्या डोसच्या तारखा पाठ हाये त्यायले. विचारून पहा."

मी विचारून पाहिलं. खरंच पाठ होत्या. मुलं मोठी झाली, कोणाची लग्नं झाली, पण कोणाला गोवरची लस कोणत्या महिन्यात कितव्या दिवशी टोचली ते सिस्टर भाजी निवडता निवडता सांगत होत्या. मग हा स्वभाव एवढा पालटला कसा, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. "वय झालं," एवढंच म्हणाल्या.

आता मंडईचं सांगते, कारण माझी चूक तिथेच झाली.

दिवाळी सरली, हलके धान कापून झाले की या भागात गावोगावी मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. ज्या दिवशी आपल्या गावाची मंडई, त्या दिवशी झाडून सारे सोयरे आपल्या घरी. दिवसा दुकानं, जिलेबी, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात पंगती. लग्नाच्या पोरापोरींची पाहणीही त्याच अंगणात होऊन जाते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पाहुणे पुढच्या गावच्या मंडईला निघतात. मंडईला घरचा पोरगा हजर नसणं म्हणजे घराला कमीपणा. दूरच्या शहरात असलेली पोरंसुद्धा त्या दिवशी धावत येतात.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा सिस्टरांच्या घरची मंडई पाहिली. अंगणात तीसेक माणसं. लाखोरीच्या डाळीचे वडे तळून तळून सिस्टरांचा चेहरा लाल झालेला. आणि येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढता काढता विचारतोय, "प्रशिक कुठी हाये? पोरगा नाही आला?"

प्रशिक म्हणजे त्यांचा मुलगा. तिशी ओलांडलेला, लग्न नाही, नागपुरात मोटारसायकलवर लोकांची पार्सलं पोहोचवतो. सिस्टर प्रत्येकाला एकच उत्तर देत होत्या. "माह्यीच चूक झाली. त्याले उद्याची तारीख सांगून बसली मी."

"याही वर्षी?" लाखनीची नणंद म्हणाली. "वहिनी, तिसरं वर्ष हाये हे. डोकं दाखवून घ्या एकदा."

सारे हसले. सिस्टरही हसल्या. मला मात्र फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानांचे बांबू उपटून चालले होते तेव्हा प्रशिक आला. उंच, बारीक, कमी बोलणारा. मायलेक व्हरांड्यात बसून गरम केलेले वडे खात होते. सिस्टर त्याला पावसाचं सांगत होत्या, मांजरीचं सांगत होत्या. तो हं हं करत होता. रात्री राहिला आणि सकाळी गेला.

मी मनात म्हटलं, बिचारी. वर्षातून एकदा सोयऱ्यांसमोर मिरवायचा दिवस, आणि विसराळूपणाने हातचा जातो. ज्या बाईला निम्म्या गावाच्या लसीच्या तारखा पाठ आहेत तिला आपल्याच गावच्या मंडईची तारीख दर वर्षी चुकते, हे गणित मला तिथेच सुटायला हवं होतं. वीस वर्षं पोरांना गणित शिकवते मी. पण छे.

या वर्षी गावच्या बैठकीत मंडईची तारीख ठरली आणि मी कामाला लागले. स्वयंपाकघराच्या दारामागे सिस्टरांनी खडूने सगळे नंबर लिहून ठेवलेत, त्यातला प्रशिकचा नंबर उतरवून घेतला आणि शाळेतून फोन केला. मी कोण ते सांगितलं, तारीख सांगितली.

"आईनं वेगळी सांगितली, मॅडम."

"त्यांची चुकते हो दर वर्षी. म्हणून तर मी केला फोन." आणि तिथे थांबायचं सोडून मी पुढे बोलले. "हे पहा प्रशिक, सगळे सोयरे येतात आणि तुम्ही नसता. त्यांना सगळ्यांसमोर खाली पाहावं लागतं. तुम्ही एवढं तरी करायला पाहिजे त्यांच्यासाठी."

तो म्हणाला, "बरं मॅडम. येतो."

मी वर्गात जाऊन त्या दिवशी पोरांना गृहपाठ दिला नाही, इतकी मी स्वतःवर खूश होते.

मंडईच्या दिवशी अकराच्या सुमाराला फाटकाशी मोटारसायकल थांबली. प्रशिक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात संत्रा बर्फीचा डबा घेऊन उभा. मी सिस्टरांकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या धावत जातील. त्या हातातला झारा तसाच धरून उभ्या राहिल्या. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग अंगणात बसलेल्या सोयऱ्यांकडे, आणि म्हणाल्या, "तू आज कसा?"

आईने मुलाला असं विचारावं, हे मला विचित्र वाटलं. पण तोवर सगळ्यांनी त्याला ओढून पंगतीत बसवलं होतं.

लाखनीची नणंद, म्हणजे प्रशिकची आत्या, वाईट बाई नाही. सिस्टरांच्या निदानाप्रमाणे तिचं काम म्हणजे कोणाकडे काही दुःख झालं की सगळ्यांच्या आधी पोहोचणं, आणि ते ती मनापासून करते. पण त्या दिवशी घरात दुःख नव्हतं, म्हणून तिने ते शोधलं.

"काय रे प्रशिक, अजून पार्सलच वाटून राहिला का?"

"हो आत्या."

"तुह्या आईनं काय काय मनात धरलं होतं, बापा. पांढरा कोट शिवायचा तेवढा बाकी होता. आमच्या शेजारचा पोट्टा तुह्याच बरोबरचा. डॉक्टर झाला, बंगला बांधून राहिला आता."

पलीकडून एक मामा म्हणाले, "लग्नाचं काय मग? एक पोरगी हाये पाहण्यात. पण त्यायले पक्की नोकरी पाहिजे."

"नोकरीचं पाह्य रे बाबू. आईकडे पाहून तरी."

कोणी रागाने बोलत नव्हतं. मंडईत असंच बोलतात, प्रेमानेच. प्रशिक प्रत्येकाला मान खाली घालून उत्तर देत होता. त्याच्या ताटात दोन वडे होते, त्यातला एक अर्धा खाल्लेला. चौथ्या की पाचव्या प्रश्नाला तो "हात धुऊन येतो" म्हणून उठला आणि मागच्या अंगणात गेला. थोड्या वेळाने फाटकाबाहेर मोटारसायकलचा आवाज आला आणि लांब गेला.

सिस्टरांनी पुढे होऊन त्याचं ताट उचललं. "मीच म्हणलं त्याले जा म्हणून. ड्यूटी हाये त्याची आज. जेवा जी तुमी, वडे थंडे होऊन राहिले."

त्यांनी संध्याकाळपर्यंत वडे तळले. पाहुणे दंडार पाहायला गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. त्या चुलीपुढे पाटावर बसल्या होत्या, हात रिकामे. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सिस्टर, तारीख मी सांगितली त्याला. फोन केला मी. तुमची दर वर्षी चुकते म्हणून..."

"चुकत नाही जी माह्यी," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले.

"त्याले डॉक्टर करायचं होतं मले. त्याले नाही, मले. दोनदा परीक्षा देल्ली, नंबर नाही लागला. तिसऱ्यांदा देतो म्हणून नागपूरले राहिला. मी रोज फोन करत होती. किती वाजता उठला, किती पानं वाचली, टेस्टमध्ये किती पडले. रोज, मॅडम. मग त्यानं फोन उचलणं बंद केलं. दोन दिवाळ्या आला नाही. मीच गेली मग डब्बा घेऊन. वैशाखाचे दिवस. तिसऱ्या माळ्यावर खोली. बाहेर त्याची चप्पल, आत पंख्याचा आवाज येऊन राहिला. म्या कडी वाजवली, हाक मारली. पंखा बंद झाला."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"दार नाही उघडलं. मी पायरीवर बसली. आधी लय राग आला. मग मनात आलं, एवढ्या गर्मीत पोरगा पंखा बंद करून बसला हाये, आई जाईपर्यंत. घामानं भिजून गेला असन. म्हून उठली मी. डब्बा तिथीच ठेवला. खाली रस्त्यावर येऊन पाहिलं तं खिडकीत पंखा फिरून राहिला होता. बरं वाटलं मले."

माझे डोळे भरून आले होते. त्यांचे कोरडे होते.

"थो माह्यावर रागावला नव्हता, मॅडम. भेत होता मले. सारं गाव भेत होतं, तसा थोही. घरी येता येता एसटीत ठरवलं, याच्याकडून एकच धरायचं. खाऊनपिऊन जिता हाये न, बस. पण ठरवून होत नाही. आतून विचारणं येतेच. सराव करावा लागते. म्हून मग बाकीच्यायवर सराव केला. टेलरवर केला, सुखदेववर केला, मांजरीवर केला. साऱ्या गावावर केला तेव्हा कुठी पोरावर जमलं."

इतके दिवस मी ज्याला त्यांचा स्वभाव समजत होते, तो एका आईचा रियाज होता. मी मंत्र शिकले, बीपीची गोळी अर्धी केली, आणि त्यांनी तो कशासाठी जपला हे मला विचारायचंसुद्धा सुचलं नव्हतं.

"मंडईच्या दिवशी आला तं तीस जण विचारते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी आला तं घरात फक्त मी असते. आणि मी विचारत नाही."

"त्याला माहीत आहे हे?"

"नाही जी. त्याले वाटते, आई विसराळू झाली."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कायले? चांगल्यासाठीच केलं तुमी." आणि खरंच त्यांच्या बोलण्यात मला शोधूनही बोल लावणं सापडलं नाही. त्या उलट मलाच चहा करून द्यायला उठल्या. आजवर माझ्या हातून चूक झाली की समोरचा माणूस मला ऐकवायचा, मीही दोन ऐकवायची, आणि तिथे विषय संपायचा. न ऐकवता कोणी माफ केलं की किती जड जातं, ते मला त्या दिवशी कळलं.

"उद्या येईल का तो?" मी विचारलं.

"मी तसं धरलं नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे एसटीने गेले. मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसले, पण एकाही उत्तराकडे लक्ष नव्हतं. साडेअकराला पाणी प्यायला आत गेले तर चुलीवर भाताचं पातेलं. मी एवढी गणिताची बाई, मला भात कळतो. तो तीन माणसांचा होता. सिस्टरांनी मी पाहिलेलं पाहिलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

बारा वाजले. साडेबारा. बाहेर दुकानांचे बांबू उपटत होते. सिस्टर व्हरांड्यात येऊन सूप घेऊन डाळ पाखडायला बसल्या. ती डाळ आधीच पाखडलेली होती.

एकच्या पुढे फाटकाशी मोटारसायकल थांबली. प्रशिकच्या अंगावर कालचाच शर्ट होता, चुरगळलेला. रात्र कुठे जवळपासच काढली असावी, साकोलीला कोणा मित्राकडे. त्याने हेल्मेट काढलं, बूट काढले, पायरी चढून वर आला आणि आईसमोर उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "मंडई आज हाये न?"

सिस्टरांचा हात सुपात थांबला. त्यांनी वर पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मी सांगू शकत नाही. तो पोरगाही नजर न हलवता उभा होता. त्या एका प्रश्नात त्याने आईला सगळं सांगून टाकलं होतं, की त्याला माहीत होतं, पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"कालच झाली रे बापा," सिस्टर म्हणाल्या. "माह्यीच चूक. तारीख चुकली सांगायले."

"दर वर्षी चुकवतेस तू."

"म्हातारी झाली न आता."

तो पायरीवर बसला आणि माझ्याकडे वळला. मी मान खाली घातली. वाटलं, आता हा बोलेल, आणि त्याचा हक्कच आहे.

"मॅडम, तुमी तरी आठवण करून द्यायची न आईले."

आयुष्यात मी एका मार्कासाठी पालकांशी भांडले आहे, पाच मिनिटांसाठी नवऱ्याशी भांडले आहे. खोटं बोलायची मला सवय नाही, ते जमतही नाही.

"माझ्याही लक्षात राहिलं नाही हो," मी म्हणाले. "मलाही वाटलं, मंडई आजच आहे."

प्रशिक हसला. सिस्टर ताट वाढायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आत भांड्यांचा आवाज नव्हता. त्या रडत आहेत हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो आणि दोघांपैकी कोणीही त्यांना हाक मारली नाही.